डब्यातले साठ ग्रॅम

७ जानेवारी
वजनाच्या ऑपरेशनला अडीच महिने. वजन ९७. (होतं ११८.) प्रोटीन ३८. साठ पाहिजे. पोट कापून केळ्याएवढं ठेवलंय, त्यात साठ कसे बसवायचे ते डाएटिशियन मॅडमलाच ठाऊक. चार घास, की गच्च.
आज डब्यात पनीर पन्नास ग्रॅम, उकडलेलं अंडं एक. नीट चावून खायचं, वर पाणी नाही. अर्धा तास जातो. मंगलाचं पंधरा मिनिटांत आटोपतं. मग ती मोबाइल बघत बसते. एकवीस वर्षं याच टेबलावर आम्ही एकमेकींचे डबे संपवले. आफिसात दोघींना मिळून 'जोडगोदाम' म्हणायचे. राग यायचा तेव्हा. आता कोणी म्हणत नाही.

१३ जाने.
मंगलाने पाटोडीचा रस्सा आणला. मुद्दाम माझ्यासाठी. "बेसन आहे वं, प्रोटीनच आहे. तेलही कमी टाकलं." नाही म्हणवलं नाही. दोन पाटोड्या, वर रस्सा. ती बघत होती म्हणून भराभर गिळलं. दहा मिनिटांत छाती जाम, तोंडाला पाणी सुटलं. बाथरूमपर्यंत कशीबशी पोचले. सगळं बाहेर.
परत आले तर ती डबा बंद करून बसलेली.
"पयले बोटं चाटत खात होती. आता माह्या हातचं ओकून टाकते."
मी तोंड पुसून माझा डबा आवरला.

१४ जाने.
संक्रांत. मंगला टेबलाटेबलाने तिळगूळ देत फिरली. माझ्यापाशी आली, हात मागे घेतला. "तुले गोड चालत नाही ना." बरोबरच आहे. जेवायला दुसऱ्या सेक्शनच्या बायकांत बसली.
अंडं तसंच परत आणलं. प्रो. २६.

२२ जाने.
आठ दिवस एकटीच जेवते. जेवते म्हणजे डबा उघडते. एक घास, मग खिडकी. घरी पावडरचा शेक, अर्धा बेसिनमध्ये. त्या व्हॅनिलाच्या वासानेच नको होतं.
नंदनवनहून भावाचा फोन. "ताई, एकदम बारीक झाली म्हणे! फोटो तर पाठव." काढला. पाठवला नाही. गाल बसलेत, दुखण्यातून उठल्यासारखी दिसते.

२ फेब्रु.
केस. कंगव्यात, उशीवर, बाथरूमच्या जाळीत मूठभर. अंगणातला पाचोळा उचलावा तसे गोळा केले. प्रो. ३०, ३१, २८. मॅडमला दाखवायच्या वहीत मात्र साठ लिहिते.

६ फेब्रु.
धरमपेठेत डाएटिशियनकडे. तिने वही चाळली, मग रक्ताचा रिपोर्ट बघितला. "कुंदाताई, रोज साठ घेणाऱ्या माणसाचा रिपोर्ट असा येत नाही." मग विचारलं, "जेवता कोणासोबत?"
"घड्याळासोबत."
गंमत म्हणून बोलले. ती हसली नाही. मग मीच रडले, तिच्या टेबलावरचा टिश्यूचा डबा अर्धा केला. आजपासून खरे आकडे. प्रो. ३४.

९ फेब्रु.
आफिसच्या जिन्यात चक्कर आली. डोळ्यांपुढे अंधारी, खालीच बसले. वरून मंगला येत होती. पर्स फेकून धावली, माझं डोकं मांडीवर घेतलं. "काय करून राहिली वं तू जिवाचं? काहून खात नाही?" घोटघोट पाणी पाजलं. तिचा हात घामाने थबथबलेला. तिलाही धाप लागली होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही, जिन्याची आहे.

१५ फेब्रु. रविवार
मंगला माझ्या घरी, बेसाला आली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी मुगाची धिरडी केली, पनीर किसून. तिने तीन खाल्ली, मी एक. मधे मधे सुनेचं, शेजारणीचं सांगत होती. माझा शेवटचा घास होईपर्यंत उठली नाही. आज प्रो. ४९. न मोजता झालं, नंतर बेरीज केली.
मग ताट बाजूला सारून म्हणाली, "माही शुगर साडेतीनशेवर गेली वं. डॉक्टर म्हणते, तुम्हीही ऑपरेशन करून घ्या. घरी कोणाले सांगितलं नाही अजून. तू सांग. करू का मी?"
काय सांगू? माझी शुगरची गोळी बंद झाली, गुडघे दुखत नाहीत, तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढते. खरं आहे. केस, ओकाऱ्या, डब्यासमोरचा तो अर्धा तास. तेही खरं. आणि आणखी एक मनात आलं, त्याची लाज वाटली. तिने केलं तर टेबलावर माझ्याच चालीने जेवणारं कोणी असेल.
म्हटलं, "विचार करून सांगते."
"तू विचार करून राहिली म्हणजे सोपं नाही," म्हणाली, आणि चपला घालायला लागली. दारातून, "उद्या जेवायले थांबजो."
ती गेल्यावर उत्तर दोनदा लिहून बघितलं. एकदा हो, एकदा नाही. दोन्ही खोडलं.