भाऊरावांच्या जेवणाची व्यवस्था

मी, मालती भाऊराव सोमकुवर, वय सदुसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार सौंसर, जिल्हा पांढुर्णा (आधी छिंदवाडा होता; जिल्हा बदलला, घर तिथंच आहे), हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवत आहे. वकीलसाहेबांनी हिंदीत मसुदा दिला होता, 'मैं अपने पूरे होश-हवास में' असा. होश माझे शाबूत आहेत, पण ते मराठीत आहेत, म्हणून मराठीत लिहिते. कोणाचा दबाव नाही, धाकदपटशा नाही. पोटात गाठ आहे. नागपूरच्या डॉक्टरांना 'दिवाळी पाहीन का' विचारलं तेव्हा ते फाईल चाळत बसले, म्हणून घाई आहे.

कलम एक. राहतं घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझे पती भाऊराव यांचं, आणि त्यांच्या पश्चात मुलगा प्रवीण याचं. भाऊराव हयात आहेत तोवर ते कोणी विकू नये. कोणी म्हणजे प्रवीणनं. रागावू नको बेटा, कागदात नाव लिहावं लागते.

कलम दोन. बँकेत जे निघेल ते भाऊरावांच्या औषधपाण्याला. कानातले सूनबाई सायलीला. सायली चांगली मुलगी आहे, हे मी इथंच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला वेगळं वाटू शकते.

कलम तीन. भाजी चिरायची पावशी, पाटा-वरवंटा, लोखंडी कढई आणि परतायचा सराटा शेजारच्या वंदनाला द्यावा. पावशीचा पाट हलतो, खाली कागदाची घडी ठेवावी लागते. मिक्सर प्रवीणनं आणला होता, तो खोक्यातच आहे. ज्याचा त्यानं न्यावा.

कलम चार. गुणवंता भाजीवाल्याला मी माफ केलेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानं मला दोन दिवसांची चिवळ पाणी मारून ताजी म्हणून दिली. घरी येऊन जुडी सोडली तर आत नुसता चिखल. मी रडायला लागले. हे तेव्हा बिजली विभागात लाईनमन होते, खांबावरून उतरून आलेले, हातपायसुद्धा धुतले नव्हते. म्हणाले, "रडतं काऊन वो? वरून त सगळंच हिरवं दिसते. जुडी दाबून पाहायची, नाकाजवळ न्यायची." दुसऱ्या बाजारापासून थैली त्यांनी धरली. एक्केचाळीस वर्षं घरातली भाजी त्यांनी निवडली आणि मी शिजवली. गुणवंता आता म्हातारा झाला, वाकून नमस्कार करतो. करू दे.

कलम पाच. हे कलम सगळ्यात महत्त्वाचं आहे, प्रवीण आणि सायलीनं दोनदा वाचावं.

तीन वर्षांपूर्वी भाऊरावांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सात-आठ शब्द तेवढे उरले. पण भाजी निवडणं गेलं नाही. बाजाराच्या दिवशी मी थैली त्यांच्यासमोर चादरीवर उपडी करते. ते डाव्या हातानं एकेक उचलतात, दाबतात, हुंगतात. पसंत ते मांडीशी ठेवतात, नापसंत ते ढकलतात. जे मांडीशी आलं तेच शिजवायचं. हातात न दिलेलं ताटात आलं तर तोंड मिटून घेतात. मी दोनदा कालची वांगी मिसळून पाहिली. लेकराला फसवता येते, यांना नाही.

उन्हाळ्यात त्यांना फार काही लागत नाही. चिवळ ही बारीक पानांची पालेभाजी, मुळं खुडून तीन पाण्यानं धुवायची, माती राहते. तेलात लसूण आणि लाल मिरची, भिजवलेली मुगाची डाळ, वरून भाजी. पाणी घालायचं नाही, तिचं तिला सुटते. कैरी आणि कांदा किसून, गूळ-तिखट-मीठ लावून तक्कू. मुनग्याच्या, म्हणजे तुमच्या शेवग्याच्या, शेंगा वरणात. शेंग त्यांच्या डाव्या हातात द्यावी, आपण सोलून देऊ नये, राग येतो. ते 'भेदरं' म्हणाले तर टमाटर द्यावं.

आणि सायली, हे नीट वाच. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

मार्चमध्ये मी पुण्याच्या दवाखान्यात नऊ दिवस होते. प्रवीण माझ्याजवळ, हे त्याच्या पुण्याच्या घरी सुनेजवळ. वरणभात वाढला की हे बोट दाखवून म्हणत, "सांबार." पोरीनं हौसेनं चिंच-मसाला आणून डाळीचा सांबार केला. यांनी ताट सरकवलं. तिला वाटलं चव जमली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी हॉटेलातून मागवला, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या हॉटेलातून. हे "सांबार, सांबार" म्हणत रडले. मी परत आले तर सायली दारातच म्हणाली, "आई, बाबांनी रोज सांबार मागितलं हो, मी रोज दिलं, तरी ते जेवले नाहीत. माझं काय चुकलं?" काही नाही चुकलं बाई. फ्रीजमध्ये सांबाराचे पाच डबे, खालच्या कप्प्यात कोथिंबिरीची ताजी जुडी, आणि यांचा पायजमा कमरेवर टिकत नव्हता.

प्रवीण याच घरात वाढला. त्यालाही फोनवर सायली रोज सांगत होती, बाबा सांबार मागतात. पुण्यात बारा वर्षं तो 'कोथिंबीर'च म्हणत आला. "आई, ध्यानातच नाही आलं ना वो," म्हणाला आणि माझ्याकडे पाहिना.

कलम सहा. माझ्यानंतर यांना कोणी जेवू घालावं म्हणून मी काय काय करून पाहिलं तेही नोंदवते. पुण्यात भाजी मोबाइलवर येते, मुनगासुद्धा बोटबोट कापून प्लास्टिकमध्ये. सायलीनं पाकीट यांच्या हातात दिलं. यांनी ते उलटंपालटं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. वंदना म्हणते, "काकू, मी देईन ना चार घास." पण तिची बोरगावच्या कारखान्यात पाळी असते, सकाळी सहाला निघते. बाई ठेवून पाहिली, चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा त तोंडच नाही उघडत." प्रवीण नोकरी सोडून येतो म्हणाला, मीच नको म्हटलं. त्याला दोन लेकरं आहेत. कोणीच वाईट नाही. दोष द्यायला एखादा माणूस सापडला असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

यांना सांगूनही पाहिलं. जवळ बसून म्हटलं, "अहो, मी चालली. आता दुसऱ्याच्या हातचं खावं लागते." ते म्हणाले, "हो." ते सगळ्यालाच हो म्हणतात. त्यांना कळलं की नाही ते मला माहीत नाही, आणि कळलं असेल तर ते त्याहून वाईट आहे. मला मरायची भीती वाटत नाही. हे उपाशी बसतील आणि का ते कोणाला समजणार नाही, याची वाटते.

कलम सात. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीनं करावा. आलेल्यांना वरण, भात, भाजी, एवढंच. मोठा स्वयंपाक केल्यास मी पाहायला नाही, तरी करू नये.

कलम आठ. माझ्या पश्चात भाऊराव यांच्या जेवणाची जबाबदारी ........................ यांची राहील.

वकीलसाहेबांनी इथं बोट ठेवलं. म्हणाले, "अम्मा, आदमी वसीयत में नहीं दिया जाता. और ये खाली जगह पे लकीर मार दो, नहीं तो कोई भी अपना नाम भर देगा."

मी म्हटलं, "भरू द्या ना साहेब. कोणीतरी भरू द्या."

स्थळ: सौंसर
दिनांक: ११ मे २०२५

लिहून देणार: मालती भाऊराव सोमकुवर (सही)

साक्षीदार. मालतीबाईंनी आमच्यासमोर, शुद्धीत सही केली. कलम आठमध्ये रेघ मारलेली नाही, ती जागा त्यांनी समजून-उमजून कोरी ठेवली आहे.
१. नत्थूजी डोमाजी गजभिये, सौंसर (सही)
२. शालिकराम बापूराव ढोके, मोहगाव (सही)