शिट्टी आणि जिना

३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तपासणी झाली आणि डोक्याचा पार भुगा झाला. आडवं झोपवून पाहिलं, तर हृदय ठणठणीत. मग सायकलचे पॅडल मारायला लावून पाहिलं, तर तेच हृदय कामचुकार निघालं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधुमेहात हृदय कधीकधी ताठर होतं. बसल्या जागी निभावतं, पण श्रम पडले की पुरेसं भरत नाही आणि अंगाला रक्त कमी पडतं. मला तर काहीच दुखत नाही. उपाय काय, तर गोळ्या आणि रोज बेताबेताने चालणं. ज्याने बिघाड दिसला तेच करायचं? मला काही उमगेना.

पुढच्या महिन्यात आम्हा फुटबॉल-पंचांची धावण्याची परीक्षा आहे. नापास झालो तर शिट्टी गेली. तसेही खेळाडू कुरकुरतात, की मी हल्ली उठसूट शिट्टी फुंकून खेळ थांबवतो. वय झालं की माणूस कडक होतो, दुसरं काय! मैदान सोडू का? तू म्हणशील तसं करीन.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त कमी करू नकोस.
तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
पोटभर आशीर्वाद.

सोड ते मैदान आणि गप घरी बस. पळून बिघडतं तर पळावंच कशाला? मला बघ. तुझ्याइतकीच साखर, मधुमेहाच्या गोळ्याही त्याच, राहते तिसऱ्या मजल्यावर, पण कधी धाप म्हणून लागली नाही. पहिल्या मजल्यावर शिंप्याशी दोन शब्द, दुसऱ्यावर शिक्षिकेशी चार, की घर आलंच. इमारतीत मला रेडिओ म्हणतात, म्हणेनात का.

परवा मात्र गंमत झाली. शिंपी परगावी गेलाय, तरी मी त्याच्या कुलपासमोर बराच वेळ उभी! कशाला, ते माझं मलाच कळेना. म्हातारचळ, झालं.

जिवाला जप, म्हणजे माझा आशीर्वाद फुकट जायचा नाही.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न., आणि आधीच माफी.

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. दोघं पोट धरून हसलो आणि मग मी त्या कुलपापाशी अडकलो. ताई, तिथे तू कुणाशी बोलत होतीस?

मी कडक झालो नव्हतो गं. खेळ थांबला की मला श्वास घ्यायला मिळायचा. खेळाडूंच्या चुका नव्हत्याच, आणि हे माझं मलाही ठाऊक नव्हतं. तुझ्या गप्पाही तशाच असतील तर? नसतील तर मला खुशाल मूर्ख म्हण, पण तपासून घे.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

रागावलेच होते. तुला खोटं पाडायचं म्हणून काल कुणाशी न बोलता जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसावं लागलं. शिक्षिका काय होतंय म्हणून विचारत राहिली, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुखलं मात्र काहीच नाही, म्हणून जास्त घाबरले.

इतकी वर्षं वाटायचं, माणसांची माया आहे म्हणून मी थांबते. आता ती माया होती की धाप, काही कळत नाही.

घरी बस म्हणाले ते विसर. डॉक्टरीणबाई सांगतील तेवढं चाल आणि परीक्षेचंही त्यांनाच विचार. माझी तपासणी बुधवारी आहे. लहानपणी तुला इंजेक्शनला नेताना मी हात धरायचे. या खेपेला तू ये. मला एकटीला भीती वाटते.

तुझी ताई