लाल लोकरीची पोती

पुंता आरेनास
२१ मे १९१५

लाडक्या रोसेंदा,

तुझ्या दादाचे तुला आणि पोरींना आशीर्वाद. तू पाठवलेले सुके शिंपले पोचले. इथे वारा सुटलाय, गुडघा ठणकतो, बाकी ठीक.

तुझा नवरा बेलारमीनो कुठे आहे, असं तू तिसऱ्यांदा विचारलंस. आधीच्या दोन्ही वेळा मी हवापाण्याचंच लिहिलं. आजही तेच लिहून मोकळं व्हावंसं वाटतंय.

जानेवारीत तो तुझे बटाटे घेऊन आला, तेव्हा धक्क्यावर भेटला होता. मी म्हटलं, "पोत्यांसकट विकून टाक की, कशाला ओझं परत नेतोस?" तो हसला. "दादा, पोती परत नेली नाहीत तर तुमची बहीण मला उंबरा ओलांडू देईल का? निघतो आता, वारा चांगला आहे." मला वाटलं, घरीच निघाला.

दुसऱ्या दिवशी बंदराच्या कचेरीत एका जर्मन जहाजाची तपासणी माझ्याकडे आली. कागदावर नुसता कोळसा व्हालपरायसो बंदराला चालला होता. कोठारात पाहतो तर बटाट्यांचे ढीग, आणि त्यात तुझी पोती, तोंडं लाल लोकरीने शिवलेली. बहिणीचा माल खपला म्हणून मला आनंदच झाला.

संध्याकाळी खानावळीत इंग्रजांचा माणूस भेटला, हॉलिस नावाचा. खाड्यांत लपलेल्या जर्मन युद्धनौकेला कोळसा कोण पोचवतं, याच्या मागावर तो महिनाभर होता. मी म्हटलं, "जहाजावर माणसं तीस, आणि बटाटे चारशे जणांचे. एवढं खाणार कोण, मासे?" जहाज व्हालपरायसोची वाट सोडून पश्चिमेच्या खाड्यांकडे वळलेलं टेकडीवरून पाहिलं, तेही सांगितलं. त्याने पाठीवर थाप मारली. "फ्रोइलान, तुझी नजर म्हणजे घारीची." इंग्रज जिंकोत की जर्मन, मला काय त्याचं? आपला देश तर लढाईतही नाही. पण तेवढं कौतुक मला आयुष्यात कुणी केलं नव्हतं.

रोसेंदा, घारीच्या त्या नजरेला एक गोष्ट दिसली नाही. आपल्या चिलोए बेटावरचा माणूस बटाटे विकतो, बायकोची पोती विकत नाही. पोती जहाजावर होती म्हणजे तोही जहाजावर होता. खाड्यांतली वाट दाखवायला जर्मनांनी त्याला घेतलं होतं, आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती.

सहा दिवसांनी इंग्रजांची युद्धनौका तिकडे गेली. तिचा धूर दिसताच कोळशाचं जहाज धुक्यात शिरलं आणि खडकावर फुटलं. वाचलेले खलाशी फेब्रुवारीतच इथे आले. चिलोएचा वाटाड्या शेवटपर्यंत सुकाणूपाशी उभा होता, म्हणाले. तो सापडला नाही. मला तेव्हापासून ठाऊक आहे. पत्र लिहायला बसायचो आणि वाऱ्यावर लिहून उठायचो.

एक पोतं किनाऱ्याला लागलं होतं, ते कोळ्यांकडून मागून आणलं. धुऊन या पत्रासोबत पाठवतोय. लाल लोकर अजून सुटलेली नाही.

वर सवयीने 'तुझ्या दादाचे' असं लिहून गेलो. खाली तसं लिहायला हात धजत नाही.

फ्रोइलान