सर्जेराव, वजन ३१२ ग्रॅम

१४ जानेवारी १९९६, रविवार
धम्मदीपदादाने बुटांचा खोका उघडला आणि मी दोन पावलं मागे सरकले. मी! आत हातभर लांब सरडा. अंगभर काटे. मला बघून गळा फुगवला — काळीकुट्ट दाढी!
दादा जहाजावर नोकरीला. कुठल्याशा बंदरात एका खलाशाकडून घेतला म्हणे. नावही ठेवलंय — सर्जेराव. दाढीमुळे.
आई : "लोकं कुत्री पाळत्यात. आमचं ह्ये बघा!"
दादा बुधवारी परत निघणार. "रश्मी, मी येईस्तोवर जगव त्याला. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं न्हाय."
मी सर्जेरावसाठी नवी वही काढली.

१८ जानेवारी
दादा काल गेला. सर्जेराव ३१२ ग्रॅम (कारखान्याच्या प्रयोगशाळेतला जुना तराजू). शंभर वॅटच्या बल्बखाली ३८ अंश, काचेच्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला २७. खाणं — नऊ नाकतोडे, थोडा लसूणघासाचा पाला. दिवसभर कारखान्यात उसाचा रस तपासते, घरी सरडा. दोन्हींची वही वेगळी.

२६ जानेवारी
आज माझ्या हातावर झोपला. पंचवीस मिनिटं. मुंग्या आल्या तरी हात हलवला नाही. का, ते लिहीत नाही.

२ फेब्रुवारी
चार दिवस खाणं शून्य. कोपऱ्यात सारखा काच ओरबाडतो. नखातून रक्त आलं. आणि वजन ३४१! न खाता वाढतं कसं? तराजू दोनदा तपासला. तराजू बरोबर आहे.

५ फेब्रुवारी
रजा टाकली. खोका मांडीवर घेऊन एस.टी.ने इंदापूर. जनावरांच्या डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि लगेच मिटलं. "ताई, मी म्हशी बघतो. याला सुई टोचू कुठं?"
परतताना तो डोळे उघडत नव्हता. घरी जळोचीपर्यंत खोक्यावर हात ठेवून बसले. दादाला काय लिहू?

६ फेब्रुवारी
शेजारच्या सिंधुमावशी ताक घेऊन आल्या. त्यांच्या घरी पूर्वी तीनशे मेंढरं होती. गाभण मेंढी अजून नुसत्या हाताने ओळखतात.
"आण हिकडं." पोटाखाली बोटं घातली. डोळे मिटले. मग हसायलाच लागल्या! "अगं, कसला सर्जेराव? सर्जाबाई हाय ही! बोटाला गोट्याच गोट्या लागत्यात. गाभण हाय, पोरी!"
मी बी.एस्सी. वीस दिवस आकडे लिहीत होते. दाढी बघितली. पोट नाही.
"उकराय माती दे तिला. न्हायतर अंडी अडून मरंल बिचारी."
घमेल्यात ओली वाळू भरली. अर्ध्या तासात उकरायला लागली!

७ फेब्रुवारी
अंडी. वीस! ती कागदासारखी चपटी झालीय — पण सात नाकतोडे खाल्ले. जगली. मी घरामागे जाऊन रडले. एक मिनिट.

८ फेब्रुवारी
सिंधुमावशींनी अंडी वाळूसकट डब्यात भरून दिली. "तुज्या कारखान्यात ऊब असती. जपून ने गं."
मी मान डोलावली. पण दादाच्या म्हणण्याप्रमाणे सर्जाबाई त्याच्याकडे अकरा आठवडे एकटीच होती. नर नाही, म्हणजे अंडी पोकळ. घरी ठेवून नुसता वास आणि मुंग्या. मावशींना हे समजावत बसले नाही.
एकोणीस बॉयलरच्या भट्टीत टाकली. एक ठेवलं — कशाचाही एक नमुना राखून ठेवायचा, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. बाटलीत वाळू, वर अंडं, चिठ्ठीवर तारीख. बॉयलरकडच्या भिंतीलगतच्या फडताळात.

२७ फेब्रुवारी
आज फडताळ आवरलं. बाटलीला वास नव्हता, म्हणून अंडं सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यासमोर धरलं.
लाल शिरा. मधे एक ठिपका — हलतोय. थांबतो, पुन्हा हलतो. ठोके! मोजायचे सुचलंच नाही. म्हणजे नर त्या खलाशाकडेच भेटला असणार; बीज इतके दिवस तिच्या पोटात टिकलं!
बाटली रुमालात गुंडाळून घरी आणली. सिंधुमावशी ओट्यावरच होत्या. त्यांनी अंडं उजेडात धरलं. चेहरा असा काही फुलला!
"जित्तं हाय की गं! आन् बाकीची कुठं ठिवलीस?"