पहिल्या टोपलीचा मान

तीर्थस्वरूप हरिश्चंद्रदादा यांस,

गावच्या घरून धाकट्या घराच्या मंगेशचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर उतरली असेल अशी आशा आहे. नसली तर हे वाक्य त्यांच्यासमोर वाचू नये. इकडे सर्व क्षेम. काजू मोहरलेत, माकडांना ते आमच्याआधी कळलंय, आणि सावित्री सध्या माझ्याशी बोलते आहे. पत्रास कारण विशेष नाही. (फोन केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर लावता आणि निम्मी डोंबिवली ऐकते.)

तुमच्या थोरल्या घराने वाडीला दिलेल्या जमिनीवर बाग झाली हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या बागेत आपल्या फेलिक्स मास्तरांनी, म्हणजे गोव्यातल्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त होऊन आले त्यांनी, एक नवा खेळ मांडलाय. सहा लोखंडी खांब, प्रत्येकाला वरून लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्या खाली टोपली. लांब उभं राहून प्लास्टिकची तबकडी फेकायची, ती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की पुढच्या खांबाकडे वळायचं. सहाही टोपल्या कमीत कमी फेकींत संपवील तो जिंकला. साठी उलटलेल्या माणसाने रस घ्यावा असं यात काही नाही. मी आपला सकाळी फिरायला जातो आणि बाग वाटेवर लागते. (वाट मी बदलली, असं सावित्रीचं म्हणणं.)

तर उद्घाटनाला मास्तरांनी पहिली तबकडी समोर जो उभा होता त्याच्या, म्हणजे दुकानदार दत्तारामच्या हातात दिली. तो फेकणार इतक्यात आपल्या शिवा गुरवाने शांतपणे विचारलं की पहिलो मान कोणाचो? दत्तारामने तबकडी तापल्या तव्यासारखी खाली ठेवली. मग देवाला रीतसर गाऱ्हाणं घातलं. शिवा म्हणाला, "बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो काय खेळ मांडलेलो आसा तो राजीखुशीन पार पाड, आणि कोणाची तबकडी माडार अडाकली तर ती खाली येवंदे." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मास्तर ख्रिश्चन असूनही सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

मानाचा निकाल सोपा होता. होळीचा पहिला नारळ थोरल्या घराचा, पालखीला पहिला खांदा थोरल्या घराचा, त्यात जमीनही त्यांचीच; तेव्हा पहिली फेक त्यांची. थोरलं घर म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही डोंबिवलीत. मास्तरांनी सांगून पाहिलं की त्यांच्या खेळातही मान असतो, आधीची टोपली जो जिंकतो तो पुढच्या टोपलीला पहिला फेकतो. टोपलीगणिक हात बदलणारा मान ऐकून मंडळींना मास्तरांची कीव आली. शेवटी तुमच्या नावाची पांढरी तबकडी पहिल्या टोपलीत ठेवून तिच्यावर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि तेव्हापासून ती टोपली बंद आहे. वाडी दुसऱ्या टोपलीपासून खेळते. शिमग्यानंतर सावंतवाडीचा संघ येणार आहे. आपल्या संघात कोण ते पूर्ण डावावर ठरायचं, आणि पाच टोपल्यांचा डाव मास्तर धरत नाहीत.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या पाच टोपल्या माझ्याइतक्या कमी फेकींत वाडीत कोणी संपवत नाही, मास्तरसुद्धा नाहीत. क्रिकेट खेळताना तुम्ही मला कायम माडांत चेंडू शोधायला उभं करायचात, आठवतं ना? (तक्रार नाही. चेंडू सापडायचे.) दादा, जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी नीट जमतंय आणि त्याचा मला फार आनंद होतो. बाकी या सगळ्यात मी अलिप्त आहे.

गुडघ्याला जपावं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मंगेश

ता. क. तसला गुडघा घेऊन तुम्ही येण्याची काही गरज नाही. पहिल्या टोपलीचा मान मंगेशला दिला, एवढं शिवाला फोनवर सांगितलंत तरी भागेल. फक्त टोपलीचा. होळीचा तुमच्याकडेच असू दे.

आणखी ता. क. फोन करालच तर मान "दिला" असं न म्हणता "गेल्या सोमवारीच दिला होता" असं म्हणाल का? मंगळवारी सकाळी बागेत चिटपाखरू नव्हतं. मी नारळ अलगद बाजूला ठेवला, तुमची पांढरी तबकडी घेतली, मागे जाऊन उभा राहिलो आणि फेकली. दादा, एका फेकीत गेली. पुसून पुन्हा जागेवर ठेवली, वर नारळही ठेवला, आणि वळून पाहतो तर जास्वंदीआड सावित्री परडी घेऊन उभी. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. ती म्हणाली, "जमला हां तुमका."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ती ते कशावरून म्हणाली हे मला वाडीत कोणालाच सांगता येत नाही.