बेटावरच्या चर्चची उत्तर भिंत

४ एप्रिल १९९६
बेटावर पोचलो. बोटीत दोनदा उलटी. कंपनीने मुसफ्फाच्या ऑफिसातून उचलून दोन महिन्यांसाठी आखातातल्या या बेटावर टाकलंय. वाळूतून खणून काढलेल्या जुन्या चर्चची मापं घ्यायची, नकाशे काढायचे. लांबट तीन दालनं, वेदी पूर्वेला. नगरच्या आमच्या चर्चचीही पूर्वेलाच. आत शिरताना बूट काढावेसे वाटले. काढले नाहीत, वाळू तापलेली.

६ एप्रिल
वेदीच्या अगदी समोर चूल सापडली. राख, माशांचे काटे. खोदकाम बघणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, चर्चमधले साधू निघून गेल्यावर कोळी राहिले असतील. नंतर कुणीतरी दारात दगड रचून शेळ्या कोंडल्या. मग नुसती वाळू. नकाशात तीन रंग: प्रार्थना, चूल, शेळ्या.
गवंडी दत्ताराम गुहागरकडचा. गिलाव्यावर बोट फिरवून म्हणाला, "सायेब, चुना नीट मुरलेला नाही. घाईचं काम." हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला नावं ठेवतो!

९ एप्रिल
उत्तर भिंत ओळंब्यात नाही. दीड पुरुष उंच, बाहेरच्या अंगाला झुकलीय. दोन्हीकडच्या वाळूने धरून ठेवली होती, ती वाळू आम्हीच काढली. भिंतीतल्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवली, भिंत हलली तर तडकेल. मजूर दुपारी या भिंतीच्याच सावलीला जेवतात. दुसरी सावली नाही इथे.

१० एप्रिल
काच तडकली. मॅनेजरना वायरलेसवर सांगितलं, टेकू पाठवा.
"चर्च बघायला बडे पाहुणे यायचेत, ते येऊन जाऊ देत, साळवे. टेकू फोटोत घाण दिसतात. तू ड्रॉइंग पुरं कर, यल्ला, चल लवकर."
दोरी बांधली, माणसं हलवली. दत्ताराम उन्हात डबा घेऊन बसला, माझ्याकडे बघेना.

१२ एप्रिल, शुक्र.
सुट्टी, तरी माप घेतलं. भिंत दोन दिवसांत चार मि.मी. झुकली. रोजचा आकडा रजिस्टरमध्ये, खाली माझी सही. बाईंना दाखवला. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, मग पटकन मागे सरकल्या. उद्या शहरात जाणार आहेत, वर बोलते म्हणाल्या.

१४ एप्रिल
बाईंचा निरोप नाही. मॅनेजर स्वतः आले, दोरी कापायला लावली. भिंतीच्या पायथ्याशी फरशी बसवायची, पाहुण्यांना उभं राहायला. काम दत्तारामचं.
मी म्हटलं, "सर, माणूस खाली बसून काम करणार."
"मग लवकर कर म्हणावं."
दत्ताराम फरशी घेऊन आला. भिंतीकडे तोंड करून बसला. पाठ करायची नाही म्हणे.

१५ एप्रिल
आज सहा मि.मी., एका दिवसात. क्लायंटच्या इंजिनिअरला सरळ चिठ्ठी लिहिली, मॅनेजरना न विचारता. आकडे जोडले. दुपारच्या बोटीने पाठवली.  असं कधी केलं नव्हतं.

१७ एप्रिल
सकाळी ऑर्डर: साळवेंनी मुसफ्फाला परत यावं, आजच. रजिस्टर ठेवून घेतलं. दत्ताराम बोटीपर्यंत आला. "तुमी गेलात तर माप कोण घेणार, सायेब?" म्हटलं, दुसरा येईल. कुणी यायचं नव्हतं, मला ठाऊक होतं.

१९ एप्रिल
घरी. बायकोला सगळं सांगितलं. सुनीता म्हणाली, "तुझा पासपोर्ट त्यांच्याकडे आहे, हे लक्षात ठेव." रागाने नव्हे. इंजिनिअरच्या ऑफिसात फोन केला. चिठ्ठी पोचलीच नाही म्हणतात.

२१ एप्रिल
मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. चहा मागवला, हे पहिल्यांदाच. पुढ्यात बेटावरचं रजिस्टर. १७ ते २० चे रकाने कोरे.
"हे भरून टाक. रोज एक मि.मी., जास्त नको. सही कर."
"सर, मी तिथे नव्हतो."
"म्हणून तर सांगतोय. खलास, संध्याकाळपर्यंत दे."
विचारलं, भिंत कशी आहे? त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.
बेटाचा वायरलेस चारदा लावायला सांगितला. ऑपरेटर म्हणतो, कालपासून कुणी उचलत नाही. दत्तारामच्या लेबर कॅम्पात गेलो. खाट तशीच, शेजारचा म्हणाला, कंपनीची गाडी येऊन त्याची पेटी घेऊन गेली. कुठे, कशाला, त्याला माहीत नाही.
रजिस्टर समोर आहे. पेनचं टोपण काढलेलं. साडेपाच वाजलेत.