दसऱ्याचं कुंकू आणि वर्षाची वॉरंटी

११ ऑक्टोबर, शनि.
रंधा मशीन बंद पडलं. चौकटीचा पहिलाच खांब अर्धा तासून झाला होता. ठिणगी, जळका वास, मग नुसती घरघर, मग तीही नाही. प्लग बदलला, दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिलं, हाताने थोपटलंसुद्धा. काही उपयोग नाही.

यंदाच्या गणेशचवथीच्या आधी घेतलेलं. म्हणजे वर्षाची वॉरंटी बहुतेक शिल्लकच. बिल आहे, स्क्रूवरचं सील शाबूत. मग घाबरायचं कशाला? तरी जेवण गेलं नाही.

चौकट धारगळच्या नाईकबाबांची. नवं घर बांधतायत. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्तावर बसवायची. काम वेळेत आणि नीट झालं तर घराची सगळी दारं आणि खिडक्यांची जनेलं माझ्याकडे. लोखंडाची खाण बंद झाल्यावर सुतारकीत एवढं मोठं काम पहिलंच. हे साधलं तर इथे पाळी गावातच राहून पोट भरेल. नाही तर मुरगाव. मेव्हण्याने गोदीत जागा बघून ठेवलीय, तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात हो की नाही सांगायचं. तिकडे खोली घेऊन राहायचं, शनिवारी घरी, सोमवारी पहाटे परत. मला नको आहे ते. बायकोला, सुषमालाही नको आहे, पण ती तसं म्हणत नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

१२ ऑक्टो.
सु.चं सकाळपासून एकच. "डिचोलीक बाबलोकडे न्हेया. कित्याक त्या म्हापशाच्या कंपनीच्या खटल्यात पडतास?"

नेलं. बाबलो जळलेल्या मोटरी वाइंड करून देतो, रविवारीही दुकान उघडं. मशीन हातात फिरवून म्हणाला, "सील फोडू? हां म्हण आणि सांजे घेऊन जा."

हां तोंडातून निघालं नाही. इतकी वर्षं खाणीच्या वर्कशॉपात काढली. तिथे कंपनीचं सील म्हणजे देवाची पेटी. कंपनीचा माणूस येईपर्यंत मशीन चार दिवस उभं राहील, पण सीलला हात लावायचा नाही. एकाने लावला होता, त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवला. खाण गेली, सवय काही गेली नाही.

बाबलो हसला. "वॉरंटी म्हणजे लग्नातलो आहेर रे. दाखवपाक बरो."

१३ ऑक्टो.
म्हापसा. सर्व्हिस सेंटर. काउंटरवरची मुलगी बरी आहे, मान वर करून बोलते. पावती दिली. "तपासून फोन करतले." कधी? "करतले."

येताना बसमध्ये वाटलं, बरोबर केलं. अस्नोड्याला पोचेपर्यंत वाटलं, चूक केली.

१७ ऑक्टो.
फोन नाही. मीच केला. तपासणी चालू आहे म्हणे. एक मशीन किती तपासतात?

उसनं मागून पाहिलं. गावातल्या दोन्ही सुतार मेस्तांनी नकाराची मान हलवली. दिवाळीनंतर सगळ्यांचेच मुहूर्त, त्यांचंही खरं. शेवटी माझ्या बाबांचा हातरंधा काढला. पातं दगडावर लावून घेतलं. फणसाचं लाकूड, शीर उलटी आली की रंधा अडखळतो. संध्याकाळी हात वर करून शर्ट काढता येईना.

२० ऑक्टो. चवदस
पहाटे वाड्यावरचा नरकासुर जाळला, घरी पोह्यांचे फोव. मेव्हणा आला. दुधाचे फोव खाता खाता, "भावोजी, गोदीतलो साहेब विचारता. दुसरे दोघे वाट बघतत." सांगतो म्हटलं. सु. तेवढ्यात गुळाचे फोव आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

रंधा चालू. चौकट होईल. पण पुढची दारं-जनेलं हाताने? अशक्य. त्याला मशीन पाहिजेच.

२४ ऑक्टो.
काउंटरवरच्या मुलीचा फोन आला. वॉरंटी बसत नाही.

"दादा, मोटरीत तांबडी पूड भरल्या. तुमी पाळीचे न्ही? खाणीर वापरलां अशें सायबान लिवलां." खाणीवर वापरलं म्हणजे वॉरंटी रद्द. मशीन घेऊन जा, नाही तर दुरुस्तीचा खर्च भरा.

डोकं सणकलं. खाण बंद आहे हे सगळ्या गोव्याला ठाऊक, यांना नाही. बोललो बरंच. मग तिने मोबाइलवर फोटो पाठवला. मोटरीच्या तारांत लाल रंग. आणि त्यात चिकटलेली एक पिवळी पाकळी.

झेंडूची पाकळी ती. दसरा.

दसऱ्याला मशीन पाटावर ठेवलं, बाबांच्या हत्यारांच्या आधी, मीच तसं सांगितलेलं. सु.ने हळद-कुंकू वाहिलं, हात राखला नाही. वर झेंडूची माळ. आरतीनंतर एकदा चालवलं. खाणीवरही पूजेनंतर प्रत्येक यंत्र सुरू करायचे, बंद यंत्राची पूजा पुरी होत नाही म्हणत. आतल्या पंख्याने सगळं ओढून घेतलं असणार. थोडं दुसऱ्या बाजूने उडालं ते सु.च्या साडीवर. सगळे हसलो होतो.

सु.ला फोटो दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे?" नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही.

२५ ऑक्टो.
सकाळीच म्हापसा. आज भांडायचंच ठरवून.

"बाय, ती धूळ न्हय. कुंकू तें. दसऱ्याचें."

"फॉर्मार कुंकू ना, दादा. उदक काय पूड, इतलेंच." फॉर्मवर पाणी आणि पूड असे दोनच रकाने.

तिच्या मागे बघितलं. त्यांच्याच दुरुस्तीच्या मेजावर ड्रिलचं मशीन. त्याच्या कपाळाला कुंकवाचा टिळा, गळ्यात सुकलेली झेंडूची माळ. बोट दाखवलं. तिने वळून पाहिलं. आधी हसू दाबलं, मग दबेना. आतला मेकॅनिकही हसला.

मग तिने खाणीचं ते खोडलं आणि लिहिलं, घरगुती वापर, घरातली पूड. "सायबाक परत धाडटां. पूण म्हजे हातांत कांय ना हां."

भांडण झालंच नाही. घरी येऊन सु.ला सांगितलं तेव्हा तीही हसली. चवदसीनंतर पहिल्यांदाच.

३० ऑक्टो.
उत्तर नाही. हसून मोटर चालत नाही.

बाबलोकडेच सोडायला हवं होतं. एव्हाना चौकट पुरी झाली असती. दुसरं मन म्हणतं, हक्काचं आहे ते का सोडायचं? वॉरंटी धरून मशीन घेतलं, मग ती वापरायचीच नाही तर कशाला? वापरावी तर हे असं. नाईकबाबांचा फोन, "अनंता, मशीन आयलां?" येतंय म्हटलं. कुठून येतंय कोण जाणे. रंधा हातात घेतो, ठेवतो, फोन बघतो. आज दोनदा अंगठा सोलला.

४ नोव्हेंबर
चौकट पुरी. हातरंध्यावर. चांगली झालीय, मीच म्हणतो. टेम्पोने धारगळला पोचती केली. परत येताना म्हापशाला उतरावंसं वाटलं, उतरलो नाही.

६ नोव्हें.
मुहूर्त. चौकट गुण्यात बसली, चारी कोपरे काटकोनात. भटजींनी घरच्यांकडून उंबऱ्याला हळद-कुंकू लावून घेतलं आणि मी बघत राहिलो. लाकडाला लावलेलं चालतं, त्यात पंखा नाही.

नाईकबाबांनी खांबावरून हात फिरवला. "बेस केलंस." मग मला बाजूला घेतलं. "अनंता, वायट वाटून घेव नको. दारां-जनेलां म्हापशाच्या माणसाक दिलंय. तुझां मशीन केन्ना येतलां ता तुकाच खबर ना."

बरोबर बोलले. तेच जास्त लागलं. जेवलो, पायसाला छान म्हटलं, निघालो. रस्त्यात थांबून मेव्हण्याला फोन केला, हो सांग म्हटलं. सोमवारी हजर व्हायचं. घरी आल्यावर सु.ला सांगितलं. तिने "बरां" म्हटलं आणि अंगणातली भांडी पुन्हा एकदा धुतली.

८ नोव्हें., शनि.
दुपारी म्हापशाहून फोन. मंजूर झालं. मशीन तयार, मोटर नवी, सगळं वॉरंटीत. ती मुलगी माझ्यापेक्षा जास्त खूश.

घेऊन आलो. पडवीत उरलेल्या फणसाच्या तुकड्यावर चालवलं. नवं होतं त्याहून बरं चालतंय. आवाज ऐकून सु. पिठाच्या हातांनी बाहेर आली. दोघंही बघत उभे. रागावायचं कोणावर? वॉरंटीने दिलेला शब्द पाळला. फक्त ज्यासाठी मशीन हवं होतं ते काम गेलं.

बॅग खाटेवर काढून ठेवलीय. तिच्यात दोन शर्ट भरले आणि मशीन पुसायला बसलो. सु. जुन्या साडीचा तुकडा घेऊन आली, वर झाकायला. तीच ती, दसऱ्याची, कडेला लाल डाग अजून आहे. मशीन झाकलं, कोपरे नीट खोचले. मग माझ्याकडे न बघताच विचारलं,

"फुडल्या दसऱ्याक ह्येका कुंकू लावूचां, काय मशीन इकून टाकतलास?"

उत्तर द्यायला एकच दिवस. उद्या रविवार आहे.